एअर रायफलसाठी घरगुती चीकपीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत शूटिंगच्या वर्गांना गर्दी होते आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की त्यातली टिकणारी मुलं उरतात. त्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे चीकपीसबद्दलचे, म्हणजे रायफलीवर गाल टेकवायच्या उंचवट्याबद्दलचे, प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. मॅचची महागडी रायफल घेण्याआधी साध्या लाकडी स्टॉकवर (दस्त्यावर) ज्यांना शिकायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. फाइनवर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ यांच्या मॅच रायफलींना वर-खाली आणि आत-बाहेर होणारा चीकपीस कंपनीतूनच येतो. ती रायफल हातात असेल तर सरांसमोर अॅलन की घेऊन बसा, पुढचं वाचायची गरज नाही.

चीकपीस लागतोच कशाला? गाल टेकायला लाकूड आहे की.

लाकूड आहे, पण ते तुमच्या चेहऱ्याच्या मापाचं नाही. कारखान्यात स्टॉक एका मापाचा निघतो. तो ठाण्यातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या हातात जातो आणि तिच्या सहा फुटी काकाच्याही. डोळा साईटच्या (नेम धरायच्या खुणांच्या) रेषेत आपोआप आला नाही, तर माणूस मान वाकवून किंवा हनुवटी उचलून तो तिथे नेतो. पहिल्या दहा शॉटमध्ये हे जाणवतही नाही. पण दहा मीटर एअर रायफलच्या पूर्ण मॅचमध्ये ६० शॉट असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी ७५ मिनिटं मिळतात. चाळिसाव्या शॉटपर्यंत मान अवघडते, डोकं दर वेळी थोडं वेगळ्या जागी टेकतं आणि ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, फाटायला लागतो.

थोडा हिशोब करून बघा. ओपन साईटच्या रायफलवर मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर धरू. डोळा रेषेबाहेर असल्यामुळे पुढची साईट मागच्या खाचेत १ मिमी जरी चुकीची बसली, तरी १० मीटरवर छर्रा २० मिमी बाजूला जातो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आणि अख्खं वर्तुळ ४५.५ मिमीचं. म्हणजे दहा हवा होता आणि दोन-तीन मिळाला. खाच नीट जुळलेली नाही हे डोळ्याला दिसतं, माणूस ती दुरुस्तही करतो, पण दर शॉटला दुरुस्ती करण्यात दम जातो. चीकपीस ती मेहनत वाचवतो.

गाल नेमका कुठे टेकायचा?

गालाच्या हाडाखाली. जबड्यावर नाही आणि फुगलेल्या मऊ गालावरही नाही, कारण मऊ मांस कधी किती दबेल याचा भरवसा नसतो. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते स्टॉकवर सहज सोडून द्यायचं, दाबायचं नाही.

उंची किती ठेवायची?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. आधी चामडं आणतात, शिवून घेतात, रंग जुळवतात. उंची मात्र नजरेने ठरवतात. क्रम उलटा हवा. उंची पक्की होईपर्यंत सुंदर काहीही करू नका.

रायफल रिकामी करा. बोल्ट उघडा, ब्रेक बॅरल असेल तर बॅरल खाली मोडून चेंबर डोळ्यांनी बघा, दुसऱ्यालाही दाखवा. मग पुठ्ठा घ्या. ऑनलाइन सामानाचे खोके कोणत्याही घरात पडलेले असतात. स्टॉकच्या वरच्या कडेएवढ्या पट्ट्या कापा, एकावर एक ठेवा आणि कागदी मास्किंग टेपने बांधा.

आता तुमच्या नेहमीच्या पोझिशनमध्ये उभे राहा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा, दोन श्वास घ्या आणि मगच डोळे उघडा. साईटमध्ये जे दिसतं तेच उत्तर. पीप साईट (मागे खाचेऐवजी बारीक गोल भोक) असेल तर मागच्या भोकात पुढच्या साईटचं गोल कडं मधोमध दिसायला हवं. ते भोकाच्या वरच्या कडेला चिकटलं असेल तर डोळा वर आहे, एक पट्टी काढा. तळाला गेलं असेल तर डोळा खाली आहे, एक पट्टी वाढवा. डोळे उघडल्यावर डोकं हलवून जुळवायचा मोह होतोच. तो आवरा, नाहीतर मोजमाप फुकट.

एकदा जुळलं म्हणून लगेच कापायला बसू नका. रायफल खाली ठेवा, चहा घ्या, पुन्हा करा. सलग काही वेळा डोळे उघडताच कडं मधोमध दिसलं की पुठ्ठ्याची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. व्हर्नियर नसेल तर शाळेच्या भूमितीच्या पेटीतली पट्टी चालेल, अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुढे पॉलिश पेपरने काढता येतो. पुठ्ठा दबतो, म्हणून मापाच्या वेळी जुना, आधीच दबलेला पुठ्ठा बरा.

झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून, तिन्हीला एकच उंची चालेल का?

नाही. प्रत्येक पोझिशनमध्ये डोकं वेगळ्या कोनात येतं. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं तो ५० मीटर थ्री पोझिशन प्रकार. त्यात खेळाडू पोझिशन बदलताना चीकपीसची उंचीही बदलून घेतात. घरगुती चीकपीस एकाच पोझिशनसाठी बनवा. दहा मीटर एअर रायफल उभं राहूनच मारायची असते, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

फक्त वरच्या बाजूला जाडी वाढवायची की बाजूलाही?

मुख्यतः वर. बाजूला जाड थर दिला की डोकं बाहेर ढकललं जातं, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा डोळा साईटच्या डावीकडे सरकतो. मग तो मान आत वाकवतो आणि जी कटकट टाळायची होती तीच परत येते. ढोबळ नियम असा: जाडी वर, बाजूला एकच पातळ थर, तोही घाम शोषायला. चेहरा फार अरुंद असेल आणि डोळा उजवीकडे जात असेल तरच बाजूला भर द्या.

वरच्या कडेचा उतारही बघा. ती कड बॅरलला समांतर असावी, किंवा पुढच्या टोकाला किंचित खाली. पुढचं टोक उंच राहिलं तर धक्क्याबरोबर रायफल मागे येताना तो उंचवटा गालावर आदळतो. एअर रायफलला हे फारसं लागत नाही, पण पॉइंट टू टूला (.२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलीला) आणि त्यावरच्या रायफलींना नक्की लागतं.

कशाचा बनवू?

ईव्हीए शीटचा. चपलेचे सोल बनतात तीच शीट, कडक प्रतीची, ३ मिमी जाडीची. मुंबईत ती फुटवेअर मटेरियलच्या दुकानांत मिळते. कुर्ला-चेंबूरच्या मधली ठक्कर बाप्पा कॉलनी त्यासाठी ठरलेली. तिथला दुकानदार ‘कितने पेअर का काम है?’ असं विचारेल. एका रायफलपुरतं हवंय म्हटल्यावर तो कोपऱ्यातले कटपीस दाखवेल, आणि आपल्याला तेच हवे असतात. घ्यायच्या आधी नखाने दाबून बघा. खळगा पडून लगेच भरला तर चांगलं. अंगठा रुतत असेल तर तो फोम सोफ्यासाठी आहे, आपल्या कामाचा नाही.

वरच्या आवरणाला बकरीचं मऊ चामडं सगळ्यात छान. धारावीत चामड्याच्या दुकानांतून तुकडे मिळतात. चामडं नको असेल तर गाडी पुसायचं शॅमॉय घ्या. रेक्झिन स्वस्त आणि टिकाऊ, पण एप्रिलच्या उकाड्यात गालाला चिकटतं आणि शॉटनंतर डोकं उचलताना त्वचा ओढली जाते. वरळीला किंवा आणखी कुठे एसी रेंजवर सराव होत असेल तर रेक्झिन खपून जाईल. उघड्यावर किंवा पत्र्याच्या शेडखाली मारणाऱ्यांनी त्याच्या वाट्याला जाऊ नये.

वेल्क्रो, इलॅस्टिक, जाड दोरा हे क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या टेलरिंग मटेरियलवाल्यांकडे मिळतं. चिकटवायला फेविबॉन्डसारखा रबरी गोंद. पांढरा फेविकॉल फोमवर धरत नाही.

योगा मॅट कापून वापरली तर?

उंची शोधायला चालेल. कायमची नको, ती महिन्या-दोन महिन्यांत बसते आणि तुमची मोजलेली उंची कधी गेली ते कळतही नाही.

क्रिकेट बॅटची ग्रिप?

फारच पातळ. आणि तिच्या रेघा गालावर उमटतात.

स्टॉकला थेट चिकटवू का?

नका. रबरी गोंद पॉलिश खातो, काढताना लाकडाचे सालपे निघतात आणि उद्या रायफल विकायची म्हटली तर गिऱ्हाईक आधी तिथेच बोट ठेवतं. वाढत्या मुलांची उंचीही दर काही महिन्यांनी बदलते. बूट बांधतो तसा खालून लेसने आवळायचा काढता-घालता येणारा पट्टा करा.

बरं, मग पट्टा प्रत्यक्ष कसा करायचा?

वर्तमानपत्राचं पान स्टॉकच्या मागच्या भागाभोवती गुंडाळा, बटप्लेटपासून (खांद्याला टेकणाऱ्या टोकापासून) दोन बोटं पुढे. वरून खाली दोन्ही बाजूंनी आणून पेनने खुणा करा. खालच्या बाजूला दोन्ही कडांमध्ये दीड सेंटिमीटर मोकळं सोडा. कडा एकमेकींना भिडल्या तर लेस आवळायला जागाच राहत नाही. हाच कागद तुमचा साचा. त्याच्यावरून चामडं कापा.

फोमच्या पट्ट्या स्टॉकच्या वरच्या कडेच्या लांबीने कापा. पहिली पट्टी पूर्ण रुंदीची, तिच्यावरची प्रत्येक दोन्ही बाजूंनी तीन-चार मिमी कमी, म्हणजे वरून गोलाई येते आणि गालाला धार लागत नाही. पुठ्ठा १२ मिमी भरला असेल तर ३ मिमीच्या चार पट्ट्या लागतील असं वाटतं, पण चामड्याचीही जाडी असते. ती आधी मोजून वजा करा. उरलेला एखादा मिलिमीटर शेवटच्या पट्टीतून घासून काढा.

गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचं. ओला असताना दाबलात तर थर सरकतात, आणि एकदा नीट दाबल्यावर सरकवता येत नाहीत, म्हणून आधी कोरडेच ठेवून जुळवून घ्या. खिडक्या उघड्या ठेवा, गोंदाचा वास डोक्यात जातो. रात्रभर सुकू द्या. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा गोल करा आणि २२० ने फिनिश. घासताना तोंडाला मास्क लावा; फोमची भुकटी फार बारीक असते.

चामड्याला लेससाठी भोकं घरी पाडायला जाऊ नका. कोपऱ्यावरचा मोची पंचने भोकं पाडून पितळी आयलेट बसवून देतो, थोड्या पैशांत आणि तुमच्यापेक्षा सरळ रेषेत. शिलाई त्याच्याकडूनच करून घ्या, पण शिवण गालाच्या बाजूला येता कामा नये हे त्याला बजावून सांगा, नाहीतर चपलेसारखी दिसेल अशी तो कडेवर घालेल. शेवटी फोम चामड्याच्या आतून चिकटवा. स्टॉकवर घसरू नये म्हणून चामड्याच्या उलट्या, लाकडाला लागणाऱ्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे चिकटवले की पट्टा जागचा हलत नाही.

लाकडाचा, स्क्रूने वर-खाली होणारा बनवता येईल का?

येईल, पण त्यासाठी स्टॉक करवतीने कापून त्यात दोन धातूचे खांब बसवावे लागतात. सुतार चांगला मिळाला तरी त्याने बंदुकीचा स्टॉक आधी कापलेला नसतो. भोक तिरकं गेलं तर स्टॉक गेला. पहिल्या रायफलवर हे करू नका.

माझी रायफल ब्रेक बॅरल आहे, काही वेगळं?

हो. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे-मागे उसळतो आणि छर्रा बॅरलमध्ये असतानाच रायफल हलते. म्हणून ती पकडीच्या बाबतीत नखरेल असते. चीकपीसवर जोरात गाल दाबलात तर छर्रा दुसरीकडेच जातो. गाल नुसता टेकलेला हवा, दर वेळी सारखाच. कॉक करताना पट्टा आड येत नाही ना, हेही बघा. पॉइंट टू टू बोल्ट अॅक्शनवर मात्र हा मुद्दा फार मोठा आहे: बोल्ट पूर्ण मागे आला पाहिजे आणि उघड्या बोल्टला फोम लागता कामा नये. पट्टा बोल्टच्या मागेच संपवा.

स्कोप लावलाय.

मग तुम्हाला चीकपीसची गरज सगळ्यात जास्त. स्टॉक ओपन साईटच्या उंचीसाठी घडवलेला असतो आणि माउंटमुळे स्कोपचा मध्य त्याहून बराच वर जातो. बहुतेक वेळा दीड-दोन सेंटिमीटर उंची वाढवावी लागते. शिवाय पॅरॅलॅक्स. स्कोप १० मीटरवर फोकस होत नसेल आणि डोळा मधोमध नसेल, तर रायफल जराही न हलवता क्रॉस टार्गेटवर सरकलेला दिसतो. डोळा रोज त्याच जागी आला की ही चूक निदान दर वेळी सारखी राहते. इथे एक सांगून ठेवतो: दहा मीटरच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) मॅचमध्ये स्कोप चालत नाही. स्कोपवर वर्षभर शिकून मग पीप साईटला आलेली मुलं पुन्हा पहिलीत बसतात.

चष्मा आहे, चालेल ना?

चष्मा घालूनच माप घ्या. रोजच्या चष्म्याची फ्रेम नाकावर घसरते आणि डोकं पुढे झुकल्यावर तुम्ही काचेच्या वरच्या कडेतून बघता. पट्टीच जास्त उंच केली तर उलट्या बाजूची कड आड येते. चष्म्याला मागून बांधायची दोरी लावली तरी बराच फरक पडतो.

मुलीच्या गालावर पुरळ उठतंय.

दोन कारणं असू शकतात: घाम, किंवा अजून सुकलेला नसलेला गोंद. पट्टा दोन दिवस उन्हात नव्हे तर वाऱ्यावर ठेवा. चामड्यावर धुतलेला सुती रुमाल एका थराने गुंडाळा आणि रोज बदला. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. रंगवलेल्या चामड्याचा त्रास काहींना होतो.

पावसाळ्यात काय करायचं?

काढून ठेवायचा. जुलैमध्ये मुंबईतल्या बंद केसमध्ये चामडं आठवड्याभरात बुरशीने पांढरं पडतं आणि त्याखाली घामाचं मीठ अडकून स्टॉकचं पॉलिशही उडतं. सरावाहून आलात की लेस सोडा, पट्टा पंख्याखाली टाका, स्टॉक कोरड्या फडक्याने पुसा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बुटाच्या खोक्यातल्या पुड्या आधीच ओल शोषून बसलेल्या असतात, नव्या आणा. चामड्याला तेल लावू नका. तेल गालाला लागतं आणि गोंद सोडवतं.

स्पर्धेत हा चीकपीस चालेल का?

शाळेच्या आणि क्लबच्या ओपन साईट प्रकारात सहसा अडवत नाहीत, तरी आयोजकांना आधी विचारा. आयएसएसएफच्या नियमांनी होणाऱ्या मॅचमध्ये उपकरण तपासणी असते. एअर रायफलचं वजन साईटसकट ५.५ किलोच्या आत हवं आणि चीकपीसची बाहेरची कड बॅरलच्या मध्यरेषेपासून ४० मिमीच्या पलीकडे जाता कामा नये. जाड फोम बाजूला चिकटवणारे नेमके इथे अडकतात. नियमपुस्तक बदलत असतं, म्हणून चालू वर्षाची प्रत बघा. मावळंकर या देशपातळीवरच्या स्पर्धेला जायचं ठरवलंत तर तोपर्यंत तुमच्याकडे मॅच रायफल आलेलीच असेल.

हे कायदेशीर आहे ना? लायसन्स?

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनपर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. स्टॉकवर बाहेरून पट्टा बांधण्यात काही अडचण नाही. बॅरल, ट्रिगर, स्प्रिंग यांना मात्र हात लावू नका. लायसन्सच्या बंदुकीची बॅरल आखूड करणं तर आर्म्स अॅक्टच्या कलम ६ खाली विनापरवाना गुन्हाच आहे. लायसन्सच्या रायफलीचं लाकूडकाम करायचं असेल तर परवानाधारक गनस्मिथकडे जा.

रायफल क्लबची आहे.

आधी विचारा. रायफल चार जण वापरतात, म्हणून पट्टा तुमच्या बॅगेत राहील आणि सराव संपला की निघेल. स्टॉकच्या खाली पेन्सिलची एक बारीक खूण केलीत तर पट्टा रोज त्याच जागी बांधता येतो. एनसीसीच्या रायफलीला परवानगीशिवाय काहीही बांधू नका.

घरी बसवून बघताना काय काळजी घ्यायची?

छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. पडदे ओढून घ्या आणि नेम बंद भिंतीवर धरा. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून कोणाला खिडकीत रायफल दिसली तर तो पोलिसांना फोन करणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. रेंजवर नेताना रायफल कुलूपबंद केसमध्ये ठेवा आणि खरेदीची पावती व क्लबचं कार्ड जवळ असू द्या. स्टेशनवर बॅग तपासतात. डोंबिवलीहून सकाळच्या आठच्या लोकलमध्ये ती लांबलचक केस घेऊन चढू नका. रविवारी जा, किंवा पहाटेची गाडी धरा.

तयार मिळतो तो घेतला तर?

घ्या. फक्त ऑनलाइन मिळणारे बरेचसे पट्टे शिकारी रायफलच्या स्टॉकसाठी केलेले असतात, त्यांना काडतुसांचे कप्पे असतात आणि उंची वाढते ती सरसकट. आत पट्ट्या घालायची सोय असेल असा शोधा. उंची मात्र घरी पुठ्ठ्यानेच मोजावी लागेल.

पट्टा बांधल्यापासून माझे सगळे शॉट वर जायला लागले.

जाणारच, डोळ्याची जागा बदलली आहे. लगेच साईट फिरवू नका. दोन-तीन दिवस नुसता सराव करा, गालाला नवी जागा कळू द्या. ग्रुप आधीपेक्षा लहान झाला असेल तर पट्टा बरोबर आहे. मग पाच-पाच शॉटचा ग्रुप मारून त्याच्या मध्याप्रमाणे साईट खाली आणा. ग्रुप वर गेला आणि पसरलाही असेल, तर साईटला हात न लावता पट्टा सोडा, एक थर काढा आणि पुन्हा डोळे मिटून सुरुवात करा.